डाव्या गुडघ्यासकट पंचवीस फूट खाली

शॉमबर्ग

माझा डावा गुडघा लेझीम खेळताना गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये या गोष्टीच्या निदान तीन आवृत्त्या फिरत आहेत. एका आवृत्तीत मी बर्फावरून घसरले, दुसरीत मला संधिवात आहे, आणि आमच्या मंडळातल्या कुंदा वहिनींच्या आवृत्तीत सगळा दोष माझ्या वजनाचा आहे. खरं इतकंच, की गणपतीच्या मिरवणुकीची प्रॅक्टिस आम्ही एका बंद दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये करत होतो. पुढच्या रांगेत पंचविशीतल्या मुली होत्या. मी सत्तावन्न वर्षांची असूनही त्यांच्याइतकंच खाली बसून उठायचं ठरवलं. खाली बसले. उठायचं राहून गेलं.

गुडघ्यातली गादी फाटली आहे, ऑपरेशन नको, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक नी-कॅप दिली. साधी नाही, दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या असलेली. ती घालून चालले की मी जुन्या कपाटासारखी वाजायचे. त्यानंतर सल्ले सुरू झाले. कुणी मेथीचे दाणे सांगितले, कुणी तिळाचं तेल. नागपूरहून ताईने एरंडाचं पान बांधायला सांगितलं. शॉमबर्गमध्ये एरंड मिळत नाही, सल्ला मात्र घरपोच मिळतो.

आमची मुलगी सई सव्वीस वर्षांची आहे. जन्म इथलाच. शिकागोत विमा कंपनीत चांगली नोकरी होती. ती सोडून दोन वर्षांपूर्वी ती फ्लोरिडाच्या टोकाला, 'की लार्गो' नावाच्या बेटावर गेली आणि तिथे स्कूबा डायव्हिंग शिकवू लागली. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून लोकांना समुद्राखाली न्यायचं. इथे कुणी विचारलं, तर मी "सई ओशन सायन्समध्ये आहे" असं सांगते. समुद्र तिथे आहेच आणि सायन्स सगळीकडे असतं, तेव्हा ते काही अगदीच खोटं नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "आई, एप्रिलमध्ये तुम्ही दोघं या ना. मी तुला डाइव्हला नेते. बिगिनर्सचं असतं, सर्टिफिकेट लागत नाही. तुला स्विमिंग येतं. आणि तुझा गुडघा आता ओके आहे ना?"

तिला मी फक्त "जरा मुरगळलाय" इतकंच सांगितलं होतं.

"एकदम ओके," मी म्हणाले.

माझा नवरा दिलीप बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरत नाही. त्याने लगेच डायव्हिंगमध्ये काय काय होऊ शकतं याची एक एक्सेल शीट बनवली. अठरा ओळी भरल्या. त्यात शार्क चौथ्या नंबरवर होता आणि गुडघा नव्हताच, कारण गुडघ्याबद्दल बोलायचं नाही असं मी त्याला बजावलं होतं.

की लार्गो

शॉमबर्ग सोडलं तेव्हा पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात काळपट बर्फाचे ढिगारे अजून उभे होते. मायामीला उतरून गाडी घेतली आणि दोन तासांत अशा रस्त्यावर आलो जिथे डावीकडे एक निळा आणि उजवीकडे दुसराच निळा. मी नागपूरची. आमच्या लहानपणी अंबाझरी तलावालाच आम्ही समुद्राचा मान देत होतो. एवढं पाणी एकदम दोन्ही खिडक्यांत बघून मी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. दिलीपला वाटलं, गाडी लागली. त्याने आलेपाक पुढे केला.

की लार्गोला कुणी बूट घालत नाही. सुपरमार्केटमध्ये अनवाणी, बँकेत अनवाणी. आमच्याकडे पाहुणे चपला दाराबाहेर काढतात, इथे अख्ख्या गावानेच त्या काढून ठेवल्यात. रस्त्याच्या कडेला घोरपडीएवढे इग्वाना उन्हात पडलेले असतात, आणि त्यांच्याकडे बघून थांबतात ते फक्त आमच्यासारखे.

संध्याकाळी सई आम्हाला खाडीकाठच्या एका टपरीवर घेऊन गेली. गरम, खुसखुशीत भजी आली. दिलीप प्रवासात शाकाहारी असतो, पण भज्यांपुढे त्याचे नियम सैल पडतात. सहावं भजं संपल्यावर त्याने विचारलं, "कशाची आहेत गं?"

"कॉन्च," सई म्हणाली. "शंख असतो ना बाबा, त्याच्या आतला प्राणी."

दिलीपने सातवं उचललं होतं. ते त्याने अतिशय आदराने परत बशीत ठेवलं.

मग 'लाइम पाय' नावाचा लिंबाचा गोड पदार्थ आला, बिस्किटाच्या पारीत थंडगार आंबटगोड श्रीखंड भरल्यासारखा. तो त्याने एकट्याने संपवला. सई उन्हाने काळी झाली होती, दंड भरले होते, केस मिठाने राठ झालेले. वेट्रेसपासून मासे साफ करणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिला हाक मारत होते. मी मनातल्या मनात तिचा चेहरा विमा कंपनीच्या ओळखपत्रावरच्या फोटोशी ताडून बघत बसले.

फॉर्म

दुसऱ्या दिवशी सकाळी सईच्या दुकानात गेलो. मालकीण बेव्ह. बोटीची कॅप्टनही तीच. पासष्टीच्या पुढची, सुकवलेल्या बोंबलासारखी सडसडीत. तिने माझ्या हातात पेन आणि फॉर्म दिला.

अमेरिकेत मरायला कुणाची हरकत नसते, फक्त त्याआधी सही लागते. पहिली दोन पानं मला काय काय होऊ शकतं आणि त्याला कोण कोण जबाबदार नाही, याची होती. तिसरं पान तब्येतीचं. दमा? नो. हृदय? नो. सांधे, हाडं, जुनी दुखापत?

आमच्या घरी दुखणं तीन ठिकाणी सांगायचं नसतं: पाहुण्यांना, सोयरिकीत आणि विम्याच्या एजंटला. फॉर्ममध्ये मला तिन्ही एकदम दिसले. मी 'नो'वर बरोबरची खूण केली. शेजारी बसलेला दिलीप छताचा पंखा बघू लागला.

मग वेटसूट. हा रबरी पोशाख चढवणं म्हणजे भरलेल्या वांग्याला बाहेरून पुन्हा साल घालण्यातला प्रकार. बिजागऱ्यांची नी-कॅप मी सकाळीच लेगिंगच्या आत बांधून आले होते. सूट उजव्या पायात गेला. डाव्या पायात अर्ध्यातच अडला.

"थांब, मी ओढते," म्हणत सई खाली बसली. तिचे हात गुडघ्यापाशी थांबले.

"आई, हे काय आहे?"

"नी-कॅप."

"मेटल आहे."

"थोडंसं."

सई उभी राहिली. बाहेर जाऊन माझा फॉर्म घेऊन आली. तिसरं पान वाचलं.

"तू 'नो' लिहिलंस."

"अगं, नो म्हणजे आत्ता या क्षणी दुखत नाहीये."

"फॉर्म असा नसतो, आई! खाली तुझा गुडघा लॉक झाला तर? मला माहीतच नाही. आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर यू."

"मी तुझी आई आहे. तू कसली रिस्पॉन्सिबल?"

"जमिनीवर तू. पाण्याखाली मी."

मी म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचा तू केवढा बाऊ करतेस. ते म्हणायला नको होतं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"तू माझ्याबद्दलही हेच करतेस. कुंदा काकूंनी मला मेसेज केला होता. माझा रिसर्च पेपर हवाय म्हणे. त्यांच्या नातीच्या स्कूल प्रोजेक्टसाठी."

एरवी असा प्रसंग आला की मी तरातरा निघून जाते. पण अर्धा वेटसूट घातलेल्या बाईला तरातरा जाता येत नाही. मी खाली काळा सील मासा आणि वर फुलांचा कुर्ता अशा अवस्थेत भिंतीला धरून उभी राहिले.

"मी लोकांना काय सांगू ते सांग मग," शेवटी म्हणाले.

"जे आहे ते," सई म्हणाली आणि फॉर्म घेऊन बेव्हकडे गेली.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, पोलीस वगैरे येणार. बेव्हने फॉर्म फाडून टोपलीत टाकला आणि नवीन दिला. मग आपली अर्धी चड्डी जरा वर सरकवली. दोन्ही गुडघ्यांवर उभे, लांबलचक व्रण.

"दोन्ही बदललेत," ती म्हणाली. "आठवड्यातून चार दिवस डाइव्ह करते. पण लिहिते. आता खरं लिही आणि डॉक्टरची सही आण."

गावातल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने मला एका पायावर उभं केलं, जिना चढवला, उतरवला, गुडघा चारी बाजूंनी वाकवून बघितला. कधी दुखतो, किती दुखतो, काय केलं की दुखतो, सगळं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. लेझीमसुद्धा. ती त्याला समजावायला पाच मिनिटं गेली आणि दिलीपला एकदा करूनही दाखवावी लागली.

डॉक्टर म्हणाला, बिजागऱ्यांची अजिबात नको, खाली कशात तरी अडकेल. हवी तर साधी, रबरी घाल. टाकी पाठीवर घेऊन उडी मारायची नाही आणि शिडी चढायची नाही. बाकी जा. त्याने सही केली. तो नाही म्हणेल अशी दिलीपला मोठी आशा होती. बिचाऱ्याचा चेहराच पडला.

दुपारी औषधाच्या दुकानातून साधी नी-कॅप घेतली आणि सईच्या दुकानामागच्या पोहण्याच्या तलावात सराव केला. खाली गेले, तोंडातल्या नळीतून श्वास घेतला, आणि माझा डावा पाय आपोआप वर जाऊ लागला. मी तिरपी झाले, मग पार उलटी.

वर येऊन म्हणाले, "नी-कॅप तरंगते आहे! बघ, रबर आहे ना."

"थोडी तरंगते," सई म्हणाली. "मी त्या बाजूच्या खिशात थोडं वजन टाकते. पण बाकीचं तू श्वास धरून ठेवतेस म्हणून होतंय. छाती फुगवून बसलीस तर वरच जाणार. सोड श्वास."

सकाळपासून ती माझ्याशी फक्त कामाचं बोलत होती. पण ते बोलणं फार नीट होतं. न चिडता, एकेक गोष्ट, मला कळेपर्यंत. तिला लहानपणी भागाकार शिकवताना मला हे जमलं नव्हतं.

समुद्र

तिसऱ्या दिवशी बोटीवर आमच्याखेरीज ओहायोचं एक जोडपं होतं. दोघेही चाळिशीतले, पोटं सपाट, दात पांढरे. धक्का सुटून दहा मिनिटं झाली नाहीत तोच दिलीप कठड्याला लागला. एक्सेल शीटमध्ये बोट लागणं ही ओळच नव्हती.

अर्ध्या तासाने बोट थांबली. ओहायोवाले टाकी बांधून, पाय लांब टाकून, झोकात पाण्यात उतरले. मला बेव्हने मागच्या फळीवर बसवलं आणि टाकीशिवाय, घसरगुंडीवरून सोडावं तसं पाण्यात सोडलं. टाकी सईने पाण्यातच माझ्या पाठीवर चढवली. ओहायोच्या बाईने माझ्याकडे बघून हसून हात हलवला. तिचा हेतू चांगलाच असणार, पण मला ती कुंदा वहिनींसारखी दिसली.

दोर धरून आम्ही खाली निघालो. दर थोड्या अंतराने सई थांबायची, कानाकडे बोट दाखवायची, मी नाक दाबून कान मोकळे करायची. पंचवीस फुटांवर तळ आला. आणि शांतता. फक्त माझ्या श्वासाचा आवाज, घरघर आत, बुडबुडे बाहेर. शॉमबर्गमध्ये सत्तावीस वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच मी अशा जागी होते, जिथे मला कुणी सल्ला देऊ शकत नव्हतं.

प्रवाळाचे खडक जांभळ्या पंख्यांसारखे, हरणाच्या शिंगांसारखे पसरले होते. पोपटासारख्या चोचीचा एक हिरवा मासा खडक खात होता आणि तो खातानाचा कुरूम कुरूम आवाज स्पष्ट ऐकू येत होता, जणू शेजारी कुणी चिवडा खातंय. एका कपारीत तपकिरी शार्क चक्क झोपला होता. चौथ्या नंबरचा धोका दुपारच्या जेवणानंतरच्या दिलीपइतकाच निरुपद्रवी दिसत होता.

तेवढ्यात माझ्या डाव्या पोटरीवरून काहीतरी सरकलं.

पुढे सईने सांगितलं की खाली पाण्याचा दाब वाढतो, रबर दबून पातळ होतं आणि घट्ट बसलेली वस्तू सैल पडते. तेव्हा मला एवढंच कळलं की नी-कॅप गुडघा सोडून घोट्याकडे निघाली आहे. सूटच्या वरून घातलेली, त्यामुळे तिला अडवायला काही नव्हतं. ती पायातल्या लांब, वल्ह्यासारख्या फिनला जाऊन अडकली. मी पाय झटकला. गुडघ्यात सणकन कळ गेली. वाकून तिला धरायला गेले तर तोल गेला, आणि आधारासाठी हात सरळ प्रवाळाच्या खडकाकडे गेला. त्याला हात लावायचा नाही, तो जिवंत असतो, हे सईने दहा वेळा सांगितलं होतं.

हात पोचायच्या आत कुणीतरी मागून टाकीला धरून मला उचललं. सई. तिने मला आपल्याकडे वळवलं. माझा श्वास इतका जोरात चालला होता की बुडबुड्यांमधून मला तिचा चेहरा दिसेना. तिने दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली: माझ्याकडे बघ. मग तळहात हळूहळू खाली: सोड श्वास. मी बघत राहिले. सोडला. पुन्हा सोडला. किती वेळ गेला माहीत नाही.

तिने मला वाळूच्या मोकळ्या तुकड्यावर नेऊन बसवलं. माझ्या पायाशी बसून नी-कॅप वर ओढली, वरची कड दुमडली, हलवून बघितली. पुन्हा सैल. मग तिने ती सरळ काढून आपल्या खिशात कोंबली. माझ्या मांडीवर हात ठेवला आणि पाय कसा मारायचा ते दाखवलं: गुडघ्यातून नाही, कमरेपासून, हळू. मग अंगठा वर करून मान तिरकी केली.

छान ना, असं विचारतेय असं मला वाटलं. मीही अंगठा वर केला.

तिने माझा दंड धरला आणि आम्ही वर जाऊ लागलो. तेव्हा आठवलं की पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. ती मला परत नेत होती. चार हातांवरून बोटीचा तळ मोठा दिसायला लागला होता. वर गेले असते तर कुणीही काही म्हटलं नसतं. गुडघा ठणकत होता, भीतीही गेली नव्हती. मी जोरजोरात मान हलवली आणि अंगठा व तर्जनी जुळवून गोल केला. सई थांबली. मी पुन्हा गोल दाखवला, दोन्ही हातांनी.

काचेआड तिचे डोळे हसले, हे मी शपथेवर सांगू शकते.

नंतरची वीस मिनिटं मी नी-कॅपशिवाय काढली. एक कासव आमच्या खालून गेलं, कसलीही घाई नसलेलं. मीही त्याच वेगाने पाय मारत होते. पाण्यात माझं वजन नव्हतं, गुडघ्यावर माझा भार नव्हता.

भार शिडीवर परत मिळाला. वर आलो तेव्हा लाटा वाढल्या होत्या आणि बोट वरखाली होत होती. ओहायोवाले टाकीसकट पटापट चढले. ते बघून मीही तशीच शिडीला हात घातला.

"आई, टाकी काढ."

"जमेल मला."

"काढ."

मी काढली. सईने ती बेव्हकडे दिली. "उजवा पाय आधी, मग डावा. लाट खाली गेली की थांब." दोन पायऱ्या झाल्या. तिसरीवर डावा गुडघा नुसता कोसळला. मी दोन्ही हातांनी शिडीला लटकले. सईने खालून माझ्या बुडाला आपला खांदा लावला आणि ढकललं. वरून एक हात आला. दिलीपचा. हिरवागार चेहरा, एका हाताने तोंड दाबलेलं, दुसऱ्याने माझं मनगट घट्ट धरलेलं. मी बाजारातल्या सुरमईसारखी फळीवर येऊन पडले. मग दिलीपने माझं मनगट सोडलं आणि परत कठडा गाठला.

संध्याकाळी सईच्या एका खोलीच्या घरात वरणभात झाला. माझा पाय उशीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"दुखतोय?" सईने विचारलं.

जीभ सवयीने 'नाही'कडे वळली होती. "हो," मी म्हणाले.

"किती?"

"बराच. रात्री कूस बदलताना जाग येते. ऑगस्टपासून."

तिने पिशवी उचलून नीट लावली. "थँक यू," म्हणाली.

धक्का

चौथ्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी सईला काम होतं, म्हणून आम्ही धक्क्यावर तिचा निरोप घेतला. दिलीप गाडीत सामान लावायला गेला. मी बाकावर पाय लांब करून बसले.

बोटीवर नवीन पाच-सहा जण होते. सई एकेकाचे पट्टे ओढून बघत होती, काही विचारत होती, कुणाला हसवत होती. दोन वर्षांत तिला तिच्या कामावर मी पहिल्यांदाच अशी लांबून बघत होते.

माझ्या शेजारी एक साठीची गोरी बाई येऊन उभी राहिली. हातातली टोपी ती सारखी पिळत होती. तिचा नवरा बोटीवर होता, डोक्यावर टक्कल असलेला, सगळ्यांत जाडा.

"त्यांना नेणारी ती मुलगी," तिने मला विचारलं, "फार लहान वाटते, नाही?"

"सव्वीस वर्षांची आहे," मी म्हणाले. "माझी मुलगी आहे."

"ओह!" ती जरा ओशाळली. मग गप्प राहवलं नाही म्हणून म्हणाली, "आणि पुढे काय करायचा विचार आहे तिचा? शिकतेय का काही?"

शॉमबर्गमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात मला हा प्रश्न येतो, आणि मी तो जसाच्या तसा सईला विचारत आले होते.

"नाही," मी म्हणाले. "हेच करते ती. लोकांना खाली नेते आणि वर घेऊन येते."

"घेऊन येते ना पण?"

"मला आणलं काल."

तिने माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. मी पाय जरा आवरून घेतला. ती माझ्या शेजारी बसली. बोट खाडीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी तिकडे बघत होतो, ती तिच्या नवऱ्याकडे आणि मी सईकडे.